अंधारातल्या सिनेमातली बाई

आमच्या घरात त्या सिनेमाला खऱ्या नावानं कुणीच हाक मारत नसे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याला निओ-नॉयर म्हणायचा. काळोख्या गुन्हेपटांसाठी कुठंतरी वाचलेला हा शब्द तो असा उच्चारायचा, जणू त्यानंच तो काढला आहे. आई म्हणायची अंधारातला शिनेमा. तिचं चुकत नव्हतं. त्यात अर्धा वेळ रात्र, उरलेला अर्धा वेळ पाऊस, आणि कुणाच्याही घरात एक दिवा धड लावलेला नाही. टीव्हीवर लागला की आई रिमोटनं उजेड वाढवायला बघायची आणि विचारायची, "यांच्या गावाला लाइट नाय का?" मग दादा तिच्या हातातून रिमोट काढून घ्यायचा.

पहिल्यांदा आम्ही तो थिएटरात जाऊन पाहिला. दादा, वहिनी, आई आणि मी. दादाचा तो आधी एकदा बघून झाला होता, म्हणून तो पडद्यापेक्षा आमच्या तोंडाकडंच जास्त बघत होता. गोष्ट तशी साधी आहे. औषधाच्या दुकानाचा मालक एक दिवस घरी परतत नाही. बायको पोलिसांत तक्रार देते. तपासाला एक इन्स्पेक्टर येतो, दाढी वाढलेला, सारखा खोकणारा, वरिष्ठांच्या मनातून उतरलेला. तो त्या बाईच्या घरात नुसता हिंडत राहतो आणि शेवटी न्हाणीघरातल्या आरशापाशी थांबतो. आरशाच्या कडेला टिकल्या चिकटवलेल्या असतात, आपण सगळ्याच बायका आंघोळीच्या वेळी चिकटवतो तशा. त्या धुळीनं माखून वाळलेल्या असतात. त्यावरून तो ताडतो, की नवरा बेपत्ता झाला त्या दिवसापासून हिनं टिकली लावलेली नाही. नवरा जिवंत नाही हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. मग हिला कुणी सांगितलं? थिएटरात टाळ्या पडल्या. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, "बघ, कसं धरलं."

मी शाळेत शिकवते आणि दरवर्षी गॅदरिंगचं नाटक बसवते, त्यामुळे अभिनयातलं आपल्याला कळतं असा माझा समज आहे. घरी येताना मी निकाल देऊन टाकला. इन्स्पेक्टर म्हणजे काय नट आहे, आणि ती बायको म्हणजे शुद्ध ठोकळा. नवरा गेला तरी तोंडावरची रेघ हलत नाही, कुठून आणतात असल्यांना. वहिनी हसली. एकटा दादा माझ्याशी भांडला. तो म्हणाला, "तोंड सोड, तिच्या हाताकडं बघ. पिक्चरमधी काम तर तीच करतीय." मी त्याला वेड्यात काढलं आणि विषय तिथंच राहिला.

दीड वर्षापूर्वी दादा सकाळी नेहमीसारखा वाळूजला कंपनीत निघाला आणि कंपनीत पोहोचला नाही. काही दिवसांनी त्याची मोटारसायकल लासूर स्टेशनच्या वाहनतळावर सापडली. नीट कुलूप लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. लासूरला आमचं कुणी नाही. वाळूजचा रस्ता सोडून तो तिकडं कशाला वळला, रेल्वेगाडीत बसला की नाही, बसला तर मुंबईकडच्या की नांदेडकडच्या, हे आजपर्यंत कळलेलं नाही. भांडण नव्हतं, आजार नव्हता, कंपनीत काही झालेलं नव्हतं. पोलिस ठाण्यातले साहेब सिनेमातल्यासारखे नव्हते, त्यांना खोकलाही नव्हता. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि काही कळलं की लगेच फोन करतो असं सांगितलं. मी अधूनमधून जाऊन विचारते. ते अजून तेच सांगतात आणि मला त्यांचा राग येत नाही. राग कुणाचा तरी आला असता तर बरं झालं असतं.

मोटारसायकल आता सिडकोतल्या आमच्या घराच्या अंगणात उभी आहे. बॅटरी उतरू नये म्हणून आई शेजारच्यांना बोलावून ती दर आठवड्याला चालू करायला लावते. गाडी थोडा वेळ जागेवरच घरघरते आणि आई शेजारी उभी राहून ऐकते. पहिल्या दिवसापासून ती कुणालाही "गेला" म्हणू देत नाही. म्हणायचं ते "आला नाही" असं.

वहिनी पोलिस ठाण्यात रडली नव्हती. मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली होती, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत होती. घरी परतल्यावर तिनं दादाच्या लहान पोरीला जेवू घातलं आणि साड्यांना फॉल लावायचं तिचं काम होतं ते घेऊन बसली. आईला ते तेव्हाच खटकलं होतं. माझ्यापाशी म्हणालीही होती, "डोळ्याला पाणी नाय बाई हिच्या." मी म्हटलं, प्रत्येकाचं वेगळं असतं. आईनं ते मनात ठेवलं.

मग मागच्या पावसाळ्यात वहिनीच्या कपाळाला खाज सुटली. टिकलीच्या जागी आधी लाल झालं, मग पांढरट डाग दिसायला लागला. मीच तिला गारखेड्याला त्वचेच्या डॉक्टरकडं नेलं. टिकलीच्या गोंदानं होतं असं, त्या म्हणाल्या. काही महिने टिकली नको, कुंकू नको, काहीच नको, फक्त हे मलम लावा. आईला ते पटलं नव्हतं. "आम्ही जलमभर मेणावर कुंकू लावलं, काय झालं आम्हाला?" असं ती म्हणाली, पण तेवढंच. वहिनी मोकळ्या कपाळानं वावरायला लागली आणि घराला त्याची सवय झाली, असं मला वाटत होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळं फिरलं. मुळात वहिनीला बोलवावं की नाही इथूनच गल्लीतल्या बायकांची पंचाईत. सवाष्ण म्हणावं तर नवरा नाही, आणि दुसरं काही म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. तरी एका घरून बोलावणं आलं आणि ती गेली. यजमानीण कुंकवाचं बोट घेऊन पुढं आली तर वहिनीनं मान मागं घेतली आणि म्हणाली, डॉक्टरांनी नको सांगितलंय, मंगळसूत्राला लावा. लावलं त्यांनी. वाण दिलं, तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाल्या. वहिनीची पाठ वळायच्या आत चर्चा सुरू झाली, आणि संध्याकाळपर्यंत भाजीवाल्याच्या गाडीपाशी ती आईच्या कानावर आली. एवढे महिने टिकली नाही, आता कुंकूसुद्धा चुकवती, म्हणजे हिला काहीतरी ठाऊक असणार.

मी आता वेगळी राहते, म्हणून आईनं मला फोन करून बोलावून घेतलं. मी पोहोचले तेव्हा वहिनी पोरीला आणायला शिकवणीला गेली होती. आईनं दार लोटलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तुला आठवतं का, त्या अंधारातल्या शिनेमात बी असंच होतं. टिकलीवरनं तर धरलं होतं तिला."

मला आधी हसू आलं. मग आईचं तोंड बघितलं आणि ते विरलं. मी म्हटलं, "आई, तो सिनेमा आहे."

"मंग? शिनेमा काय आभाळातून पडतो व्हय? माणसंच लिव्हत्यात की. त्यांनी कुठंतरी बघितल्याबिगर लिव्हलं आसंल?"

"तिला पुरळ आलं होतं. मी होते डॉक्टरांकडं."

"पुरळ आलं व्हतं, ते मला बी दिसलं. पण किती दिस राहतं पुरळ? सोमवारी मी ठाण्यात जाऊन सायबाला सांगणार हाय. तपास करतील त्यांचा ते."

आई एकदा ठरवलं की हलत नाही. दादा तिच्यावरच गेला आहे. साहेब तिच्या बोलण्यावरून काही करणार नाहीत हे मला ठाऊक होतं. पण सासूनं ठाण्यात जाऊन सुनेचं नाव घेतलं ही गोष्ट वहिनीला कळल्यावाचून राहिली नसती. ती काही बोलली नसती. पोरीला घेऊन फुलंब्रीला माहेरी गेली असती आणि परत आली नसती. म्हणजे दादाचं म्हणून जे काही त्या घरात उरलं आहे, तेही आईनं स्वतःच्या हातानं घालवलं असतं. मी रागावून बघितलं, समजावून बघितलं, डॉक्टरांशी फोनवर बोल म्हटलं. आई एकच म्हणे, डॉक्टरला काय ठाऊक. शेवटी मला एकच उपाय सुचला. मी म्हटलं, "रविवारी आपण तो सिनेमा परत बघू. मग सोमवारी तुला जायचं तर जा." ती कबूल झाली. बहुतेक तिला वाटलं, तो बघून मीच तिच्या बाजूला येईन.

शनिवारी शाळा अर्धी असते. दुपारी घरी येऊन मी तो आधी एकटीनं पाहिला, वही तपासायला बसावं तशी. मला इन्स्पेक्टरची चूक काढायची होती.

पहिला धक्का मला त्या इन्स्पेक्टरनंच दिला. ज्याच्यावर आम्ही जीव टाकला होता तो माणूस सबंध सिनेमाभर कुणाचं काही ऐकतच नाही. समोरचा बोलत असतो तेव्हा हा आपल्या पुढच्या वाक्याची तयारी करत असतो. खोकतो तोही बरोबर वाक्य संपल्यावर. आमच्या गॅदरिंगमध्ये सातवीतला एखादा हुशार मुलगा असतो, पाठांतर चोख, टाळी कुठं पडणार ते आधीच ठाऊक. हा तसा होता. आरशापाशी उभा राहून तो टिकल्यांबद्दल बोलतो तेव्हा बाईकडं बघत नाही, आरशात स्वतःकडं बघतो. थिएटरात मला हे कसं दिसलं नाही कोण जाणे.

मग मी दादाचं ऐकलं आणि त्या बाईच्या हातांकडं बघितलं. पहिल्या तक्रारीच्या प्रसंगात ती टेबलाची कड अंगठ्यानं घासत असते, एकाच जागी. घरात इन्स्पेक्टर हिंडतो तेव्हा ती त्याच्यामागून जाऊन त्यानं उचललेली नवऱ्याची प्रत्येक वस्तू परत जागेवर ठेवते. आणि तो टिकल्यांचं बोलतो तेव्हा तिचा हात कपाळाकडं जातो आणि चाचपत राहतो. डोळ्यावर चष्मा आहे असं समजून आपण चाचपतो आणि तो नसतो, तसा. चेहरा दगडाचाच आहे. पण तो हात चोराचा नाही. आपण टिकली लावायची सोडून दिली आहे हे त्या बाईला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं.

पुढच्या प्रसंगात ती गुन्हा कबूल करते, कारण लिहिणाऱ्यानं तसं लिहिलं आहे. तेसुद्धा ती असं बोलते, की एकदाचं बोलून टाकलं की हा माणूस माझ्या घरातून जाईल. मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा मागं घेऊन पाहिला. माझी खात्री झाली, की गोष्ट गुन्हेगार बाईची आहे, पण या नटीनं काम निरपराध बाईचं केलं आहे. दिग्दर्शकाला पत्ता लागू न देता केलं आहे. इतक्या वर्षांत हे फक्त दादाला दिसलं होतं.

मला त्याला फोन करावासा वाटला. तू बरोबर होतास, एवढंच सांगायचं होतं. मी खरंच त्याचा नंबर काढला आणि लावलासुद्धा. बंद आहे हे ठाऊक असून लावला. रेकॉर्ड केलेली ती नेहमीची बाई बोलली आणि मी फोन ठेवून दिला. रडू आलं नाही. त्याचीही मला भीती वाटली.

रविवारी जेवणं आवरून आम्ही टीव्हीपुढं बसलो. पोरगी शेजारी खेळायला गेली होती. वहिनीनं समोर असू नये असं मला वाटत होतं, पण तिला तिच्याच घरात बाहेर जा कसं म्हणणार? ती नेहमीसारखी दाराजवळ चटई टाकून एका साडीला फॉल लावत बसली. काय चाललंय ते तिला कळलेलं होतं. दोन खोल्यांच्या घरात काही लपत नाही. सिनेमा सुरू झाला तेव्हा तिनं एकदा वर बघितलं आणि सुई परत कापडात घातली.

आई टक लावून बघत होती. या वेळी तिनं उजेड वाढवायला सांगितलं नाही. टिकल्यांचा प्रसंग आला तसा मी सिनेमा थांबवला आणि टीव्हीपाशी जाऊन बोटानं दाखवलं. म्हटलं, "हे बघ, तिचा हात बघ. तिला माहीत असतं तर हात असा गेला असता का? ती कपाळ चाचपतेय. तिला आत्ता कळतंय." मी बरंच बोलले. इन्स्पेक्टर ऐकत कसा नाही ते सांगितलं, नाटकात खोटं कसं ओळखायचं ते सांगितलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवायचा असतो तो आवाज मी लावला होता. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पुढं जाऊ दे."

मी पुढं जाऊ दिलं. बाईनं कबुली दिली. आई माझ्याकडं वळली. "तिनं काय केलंच नव्हतं, तर मग कबूल कशापायी केलं?"

लिहिणाऱ्यानं लिहिलं म्हणून, असं मी म्हणाले, आणि बोलतानाच मला कळलं की हे आईपुढं टिकणार नाही. नटीनं कसं काम केलं हे मला दिसतं. आईला गोष्टीत काय झालं ते दिसतं, आणि गोष्टीत तर तिनं कबूलच केलं होतं. आदल्या दिवशी एवढी पक्की वाटलेली माझी सगळी तयारी त्या एका प्रश्नापुढं खाली बसली. मला स्वतःचीच चीड आली.

"कंटाळली आसंल, आत्या," वहिनी म्हणाली. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. ती साडीवरून नजर न काढता बोलली होती.

आईनं तिच्याकडं बघितलं. टीव्हीवर पाऊस पडत होता, मी आवाज बंद केला. आई म्हणाली, "तुझं कपाळ बरं झालं का?"

"झालं की."

"कवा?"

"दिवाळीच्या आधीच."

हे मला ठाऊक नव्हतं. चारच दिवसांपूर्वी मी आईला डॉक्टरांचं नाव घेऊन ठासून सांगत होते आणि वहिनीनं मला हे सांगितलं नव्हतं. मी तिच्या कपाळाकडं बघितलं. खरंच, डाग कुठंच नव्हता. मध्ये पडावं तर काय म्हणून पडावं?

"मग लावीत का नाय?" आईनं विचारलं.

वहिनीनं दोरा दातानं तोडला. "सकाळी हात जातो डबीकडं. लावावंसं वाटत नाय."

"का?"

"ते येतील असं मला वाटत नाय आता."

आईचा आवाज अगदी बारीक झाला. "तुला कुणी सांगितलं?"

तोच प्रश्न, त्या खोकणाऱ्या माणसाचा. मला वाटलं, संपलं आता सगळं. आई उठेल, पदर खोचेल आणि सोमवारची वाटही न बघता ठाण्यात जाईल, आणि मी फक्त बघत राहीन. मी काही बोलायला तोंड उघडलं, पण माझ्याकडं दोघींचंही लक्ष नव्हतं.

"कुणी नाय सांगितलं, आत्या," वहिनी म्हणाली. "मी लई वाट बघितली. पहिल्या दिवाळीला बी बघितली. पोरीच्या वाढदिवसाला बघितली. मग एक दिवस सकाळी उठले तर आत काहीच नव्हतं. मी काय करू?" ती हे रडत म्हणाली नाही. तिचे हात मात्र साडीच्या काठावरून पुढं मागं फिरत होते, एकाच वितीत.

आई ते हात बघत होती. मी आईकडं बघत होते. तिच्या तोंडावर राग येईल, संशय येईल, असं मी धरून चालले होते. तसं काही आलं नाही. बाजारात गर्दीत हात सुटला की लहान मुलाचं तोंड होतं, तशी ती दिसायला लागली. तेव्हा मला कळलं, की वहिनीनं काही केलं असेल असं आईला कधी वाटलंच नव्हतं. या घरात कुणीतरी वाट बघायचं सोडून दिलं आहे, हे तिला टिकलीवरून समजलं होतं, आणि ते तिला सोसवत नव्हतं. गुन्हा म्हणून ते ठाण्यात नेऊन देणं तिला त्यापेक्षा सोपं वाटलं होतं.

"मग आता मी एकलीनंच बघायची का?" आई म्हणाली.

वहिनी साडी बाजूला ठेवून उठली आणि आईजवळ जाऊन बसली, पण तिला हात लावावा की नाही हे तिचं ठरेना. आई तिच्यापासून सरकली नाही. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"तू? तू तरी बघतीस का?"

मी "हो" म्हणाले. लगेच म्हणाले, आवाजही नाटकात लागतो तसा बरा लागला होता. आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग तिची नजर खाली माझ्या हातांवर आली. मी ते मांडीवर तसेच राहू दिले. दुसरं काय करावं ते मला कळेना.